दोन परवा

माझ्या नाकावर राग असतो, हे आधीच सांगून टाकते. नाही सांगितलं तर पुढचं काही कळायचं नाही. ऑफिसात सगळ्यांना ते माहीत होतं, सोसायटीच्या वॉचमनला माहीत होतं, आणि आईला तर मी पाळण्यात होते तेव्हापासून माहीत होतं. "हिचा बाप होडी अडकली तरी आवाज चढवायचा नाय, आन ही बघा," असं ती शेजारणींना सांगायची. सांगताना हसायची. मला वाटायचं, तिला त्याचं कौतुकच आहे.

आई करंजाची. सगळं आयुष्य बंदरावर गेलं तिचं, बोंबील वाळवण्यात आणि लिलावात पुरुषांच्या वरताण ओरडण्यात. वडील गेल्यावर मी तिला पनवेलजवळ विचुंब्याला माझ्या फ्लॅटवर घेऊन आले. मी लग्न केलेलं नाही, तेव्हा आम्ही दोघीच. विचुंब्यात समुद्र दिसत नाही, त्याचा वास येत नाही, आमच्या खिडकीतून समोरच्या बिल्डिंगची खिडकी दिसते. तरी तिच्या डोक्यात भरती-ओहोटी चालूच असायची. अमावस्या-पुनवेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही ते दिवस. भिंतीवर मी कॅलेंडर लावलं होतं, तिनं त्याच्याकडे कधी ढुंकून पाहिलं नाही. बोटाच्या पेरांवर अंगठा फिरवायची आणि सांगायची, "आज भांग हाय." मी म्हणायचे, "असू दे. मला कुठे मासे धरायला जायचंय?"

साखरेनं तिचा उजवा डोळा आधीच गेला होता. डावा राहिला होता, आणि त्याच्याही आतल्या पडद्याला सूज होती. महिन्यातून एकदा त्या डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागे. डोळ्यात सुई! पहिल्या वेळी मीच भोवळ येऊन बाकावर बसले, आई आपली चालत बाहेर आली. डॉक्टर म्हणाले होते, "आता हाच एक डोळा आहे, हा सांभाळायचा. तारीख चुकवायची नाही." तारीख चुकवायची नाही हे त्यांनी दोनदा सांगितलं. मी मान डोलावली. मनात म्हटलं, डॉक्टर, तारखांचं मला नका सांगू, माझा धंदाच तो आहे.

खरंच तोच होता. नवीन पनवेलला एका मेडिकलच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे, पाच-सहा माणसांचं. आम्ही छोट्या दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. आईवर उपचार चालू होते ते जुन्या पनवेलमधलं डोळ्यांचं हॉस्पिटलही आमचंच गिऱ्हाईक. कुणाला कधी बोलावलंय, कोण आलं, कोण चुकलं, कुणाला आठवण करून द्यायची, सगळ्या तारखा. आणि तारखांची तुलना करणं हे प्रोग्रामरच्या कामातलं सगळ्यात कटकटीचं काम आहे. ऐकायला सोपं वाटतं. ही तारीख त्या तारखेच्या आधीची की नंतरची, एवढंच तर विचारायचं! पण कोडमध्ये ते शाळेतल्या गणिताच्या 'पेक्षा लहान', 'पेक्षा मोठे' अशा चिन्हांनी लिहितात. आता तारीख लहान म्हणजे काय? लहान म्हणजे जुनी. पण जुनी म्हटलं की मनात येतं मोठी, वयानं मोठी. दिवसातून दहा वेळा ते चिन्ह बघून मी थांबायचे आणि त्याचं तोंड कुठल्या बाजूला आहे ते परत तपासायचे. एकदा उलटं लिहिलं गेलं आणि मग माझी चिडचिड झाली ती झालीच.

आम्ही रुबी नावाच्या भाषेत काम करतो. या भाषेत एक मुभा आहे, जी फार कमी भाषा देतात. तारीख म्हणजे काय, तिला काय काय विचारता येतं, हे भाषेत आधीपासून ठरलेलं असतं. पण रुबी म्हणते, तुम्हाला काही वाढवायचंय ना, वाढवा. दुसऱ्याच्या घरात जावं आणि त्यानं म्हणावं, भिंतीला हवी तिथे खुंटी ठोका, तसं. मग मी ठोकल्या. तारखेला मी मराठी शिकवलं. रोमन अक्षरांतच लिहायचं, पण शब्द आपले. 'आधी', 'नंतर', 'आज'. चिन्हं गेली. आता ओळ वाचली की सरळ कळायचं: भेटीची तारीख आजच्या आधी आहे का? मला इतका आनंद झाला की मी त्या दिवशी सगळ्यांना वडापाव खायला घातला. ऑफिसात मी कुणाला काही खायला घालणं ही मोठी गोष्ट होती.

माझ्या शेजारी बसणारा माझा सहकारी मूळचा साताऱ्याकडचा. तो उलव्याला राहतो, जिथे बघावं तिथे बांधकाम, त्यामुळे त्याच्या केसांत कायम सिमेंटची धूळ. हळू बोलणारा, हळू काम करणारा माणूस, माझ्या अगदी उलटा. तो म्हणाला, "मॅडम, छान आहे. पण भाषेच्या मूळ गोष्टीत हात घातला की सगळीकडे लागू होतं. दोघांनी एकच नाव वापरलं तर?"

"तर काय?"

"तर नंतरचं आधीच्याला पुसून टाकतं. भाषा चकार शब्द काढत नाही."

"अरे, एकच नाव दोघं कशाला वापरतील? आपण काय लहान आहोत का?" मी म्हटलं. तो गप्प बसला. माझ्यापुढे तो नेहमी गप्प बसायचा, आणि मी समजायचे माझं पटलं.

मग सगळेच त्यात रमले. रोज कुणीतरी नवा शब्द आणायचं. 'पर्यंत'वरून एक दुपार भांडण झालं. पाच तारखेपर्यंत म्हणजे पाच तारीख धरून की सोडून? आमची हिशोब बघणारी म्हणाली धरून, शेजारचा सहकारी म्हणाला धरून, मी म्हटलं धरून, पण 'पाचच्या आत' म्हटलं तर? तिथे तिघांची तीन मतं. एक उत्तरेकडचा मुलगा नवीन लागला होता, त्याच्या 'कल'वरून आम्ही त्याची फिरकी घेतली. काल पण कल, उद्या पण कल, तुमचं चालतं तरी कसं रे? तो बिचारा हसत राहिला. आम्ही पोट धरधरून हसलो. आमच्याही तोंडात तसाच एक शब्द आहे, हे आमच्यातल्या एकाच्याही ध्यानात आलं नाही.

साताऱ्याच्या त्या सहकाऱ्यानं रुग्णांना आठवण पाठवायचा भाग लिहिला. दोन दिवस आधी मेसेज जायचा. त्यानं तारखेला 'परवा' शिकवलं: आजच्या पुढे दोन दिवस. रोज सकाळी प्रोग्रामनं बघायचं, कुणाकुणाची भेट परवा आहे, आणि त्यांना मेसेज धाडायचा. मेसेजमधला मजकूर मात्र माझा. तो तारीख घालणार होता, मी काढायला लावली. म्हटलं, "म्हाताऱ्या माणसांना आकडे काय कळतात? बोलतो तसं लिही. 'नमस्कार, तुमची डोळ्यांची तपासणी परवा आहे.' बस्स. वाचणाऱ्याला आपलं वाटलं पाहिजे."

हॉस्पिटलच्या काउंटरवर एक पन्नाशीच्या बाई होत्या, त्यांना ते इतकं आवडलं की त्यांनी केसपेपरवर पुढची तारीख लिहिणंच बंद केलं. तोंडी सांगायच्या आणि म्हणायच्या, "मेसेज येईल हो." मीही आईला तेच सांगितलं होतं. त्याच्या आधी ती दोनदा भलत्याच दिवशी जाऊन बसली होती, तेही माझ्याच सांगण्यातल्या घोळामुळे, पण ओरडा तिनं खाल्ला. "आता मेसेज आल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकायचं नाही," मी तिला बजावलं. मेसेज माझ्या फोनवर यायचा आणि तिच्याही. तिच्या फोनवर आला की ती शेजारणीकडून वाचून घ्यायची.

त्यानंतर काही महिन्यांनी हॉस्पिटलला एक अहवाल हवा होता. दोन दिवसांपूर्वी जे येऊन गेले, त्यांना फोन करून विचारायचं, त्रास नाही ना? त्याची यादी. मी गुरुवारी बसले आणि एका बैठकीत लिहून टाकलं. परवा कोण आलं होतं? आजच्या मागे दोन दिवस. तारखेला मी 'परवा' शिकवलं. बोलताना आपण दोन्ही म्हणतो ना. परवा मावशी भेटल्या, परवा मावशी यायच्या आहेत. बोलताना 'होत्या' आणि 'आहेत'वरून कळतं. माझ्या त्या ओळीत होत्या-आहेत काही नव्हतं, नुसता परवा होता. माझी फाईल नंतर वाचली जायची, म्हणून माझा परवा राहिला आणि त्याचा पुसला गेला. मी माझी यादी तपासली, बरोबर आली. शुक्रवारी ते हॉस्पिटलच्या मशीनवर चढवलं आणि घरी गेले.

आईची तारीख सोमवारची होती. पडद्याचे डॉक्टर मुंबईहून महिन्यातून एकाच सोमवारी यायचे. शनिवारी तिला मेसेज यायला हवा होता. आला नाही.

सोमवारी सकाळी मी डबा भरत होते. आई आंघोळ करून, चांगलं पातळ नेसून स्वयंपाकघराच्या दारात उभी. "आज जायाचा ना गो?"

"कुठे?"

"डोल्याच्या डाक्टरकडं. आज अष्टमी. मागल्या टायमाला बाईनी सांगला तवाच मी मोजला. भांगाचा सोमवार."

"मेसेज आला का?"

"नाय आला."

"मग? आये, तुला किती वेळा सांगायचं? मेसेज आला की जायचं. तुझ्या अष्टम्या-नवम्या डॉक्टर मोजत नाहीत." मला साडेनऊची मीटिंग होती. मी डब्याचं झाकण आपटून लावलं, ते लागेना, परत आपटलं. ती आत गेली. फोन उघडून हॉस्पिटलच्या सिस्टीममध्ये तिचं नाव बघायला मला दोन मिनिटंही लागली नसती. तो पासवर्ड मीच ठेवलेला होता.

बुधवारी मेसेज आला. 'नमस्कार, तुमची डोळ्यांची तपासणी परवा आहे.' मी ऑफिसातून फोन करून तिला सांगितलं, "आला बघ मेसेज. शुक्रवारी जायचं. उगाच घाई करत होतीस."

ती म्हणाली, "बाय, भांग सरला गो. पानी चढाया लागलाय. डाक्टर भांगाचा व्हता."

"सिस्टीम चुकत नाही, आये."

हे मी बोलले. याच शब्दांत. अजूनही ते वाक्य मला माझ्या आवाजात ऐकू येतं.

शुक्रवारी मी अर्धी सुट्टी टाकून तिला घेऊन गेले. हॉस्पिटलात गोंधळ चालला होता. काउंटरच्या बाईंभोवती दहा-बारा माणसं, सगळ्यांच्या हातात फोन, सगळे एकदम बोलतायत. जे सोमवारी येऊन गेले होते त्यांनाही बुधवारी मेसेज गेले होते. त्यांनी मशीनला वेड लागलंय म्हणून सोडून दिलं. जे सोमवारी चुकले होते त्यांनी मात्र विश्वास ठेवला आणि आले. पडद्याचे डॉक्टर अर्थातच नव्हते. बाईंनी मला पाहिलं आणि म्हणाल्या, "बरं झालं तुम्हीच आलात. हे काय करून ठेवलंय हो तुमच्या लोकांनी? आजींची तारीख सोमवारची होती."

आई शेजारीच होती. तिनं ऐकलं. तिनं माझा हात धरला, कारण पायरी उतरायची होती.

तिला घरी सोडलं आणि मी ऑफिसात गेले ती तणतणतच. दार उघडल्याबरोबर त्या सहकाऱ्यावर तुटून पडले. "तुझ्या मेसेजनी काय वाट लावलीय बघ! दोन दिवस पुढे कळत नाही तुला? माझ्या आईचं इंजेक्शन गेलं!" सगळ्यांच्या देखत. तो उभा राहिला, तोंड पांढरंफटक पडलेलं. खुर्चीत बसला, फाईली उघडल्या, एकेक बघत गेला. मी मागे उभी राहून बडबडतच होते. मग त्याचा हात थांबला. त्यानं स्क्रीन थोडी माझ्याकडे वळवली. डाव्या बाजूला त्याचा परवा, उजव्या बाजूला माझा. वर माझं नाव, गुरुवारची तारीख.

"दोन्ही बरोबर आहेत, मॅडम," तो म्हणाला. "आपण दोन्हीला परवाच म्हणतो."

त्यानं हे टोचून म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. दुरुस्ती पाच मिनिटांत झाली. एकाला 'पुढचा परवा' नाव दिलं, दुसऱ्याला 'मागचा परवा'. मेसेजमध्ये वार आणि तारीख घातली. मी त्याची माफी मागितली ती दुसऱ्या दिवशी, आणि तीही जिन्यात, कुणी नसताना. ओरडले होते सगळ्यांसमोर.

डॉक्टर पुढच्या महिन्याच्या सोमवारीच येणार होते. काउंटरच्या बाईंनी फोनवर त्यांना विचारलं, ते म्हणाले, "थोडं पुढे-मागे चालेल, पण काही दिसायला बदललं तर ताबडतोब वाशीला दुसऱ्या डॉक्टरकडे न्या." हे त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. मी त्यातलं 'चालेल' ऐकलं. खरं तर दुसऱ्याच दिवशी तिला वाशीला नेता आलं असतं. पण तिथे जाऊन काय सांगायचं, तारीख का चुकली? आणि अर्धी सुट्टी त्याच आठवड्यात घेतली होती, आणि हॉस्पिटलची नाराजी निस्तरायची होती. मी आईला एवढंच म्हटलं, "सिस्टीमची गडबड झाली." सिस्टीमची! जणू ती कुणी परकी बाई होती.

पंधरा-सोळा दिवस गेले. एका सकाळी आई चहा गाळताना तो कपाबाहेर ओतत होती. मी ओरडले, "अगं, लक्ष कुठाय?" ती म्हणाली, "बाय, कप काला दिसतो." कप पांढरा होता. मी जवळ गेले आणि विचारलं कधीपासून असं दिसतंय. तिनं पेरं मोजली. चार दिवस. आधी काळे दोरे तरंगायला लागले, मग खालून काळं पाणी चढावं तसं चढत आलं.

"चार दिवस? आणि आज सांगतेस?"

ती हातानं अंदाज घेत सांडलेला चहा पुसायला लागली.

त्याच दिवशी तिला वाशीला नेलं. रस्ताभर रिक्षा, खड्डे, ट्रक, आणि ती माझ्या खांद्याला डोकं टेकून बसलेली. डोळ्याच्या आत रक्तस्राव झाला होता. तिथल्या डॉक्टरीण बाईंनी बराच वेळ तपासलं. मग ऑपरेशन झालं, मग आणखी एक. चार महिने त्यात गेले. शेवटी उजेड आणि अंधार एवढं तिला कळतं, बाकी काही नाही. मी एकटी आत जाऊन विचारलं, ते इंजेक्शन वेळेवर मिळालं असतं तर? त्या म्हणाल्या, "सांगता येत नाही. कदाचित तरीही झालं असतं." त्यांनी माझ्याकडे बघून भलेपणानं म्हटलं असणार. पण मला कुणी तरी 'हो, तुझ्यामुळे' म्हणायला हवं होतं. कदाचित म्हणजे काय? मी रोज रात्री ते कदाचित उशाशी घेऊन झोपते.

मी ती कंपनी सोडली नाही. लोकांना वाटलं सोडेन. काम करते, पण भाषेला आता काही शिकवत नाही. चिन्हंच वापरते, लहान-मोठं, आणि प्रत्येक वेळी थांबून तोंड कुणीकडे आहे ते बघते. हळू झालंय माझं काम. तो सहकारी कधीमधी म्हणतो, "मॅडम, तेवढं वाईट नव्हतं ते. नावं नीट ठेवायला हवी होती एवढंच." बरोबर आहे त्याचं. ओळ वाचायला सोपी असावी यात चूक काहीच नव्हती. पण मला त्या ओळी बघवत नाहीत.

आईला मी खरं सांगितलं नव्हतं. सिस्टीमची गडबड, यावरच ठेवलं होतं. आज सांगू, उद्या सांगू, असं करत पावसाळा गेला, थंडी आली. तिनंही विचारलं नाही. ती घरात भिंतीला हात लावून हिंडायला शिकली. गॅसपाशी मी तिला जाऊ देत नाही, त्यावरून आमचं वाजतं. सकाळी गॅलरीत बसून वरून जाणाऱ्या विमानांचे आवाज ऐकते. करंजाहून तिची भाची सुकट घेऊन येते, ती आई तासन् तास निवडत बसते. बोटांना सगळं कळतं तिच्या. काडी, खडा, शेपटी, पटापट बाजूला होतं.

मागच्या रविवारी दुपारी ती अशीच सुपात सुकट घेऊन बसली होती आणि मी शेजारी. काय झालं कुणास ठाऊक, मी बोलायला लागले. सगळं सांगितलं. तो मेसेज माझ्यामुळे उलटा गेला, एकाच शब्दाचे दोन अर्थ, मी दुसऱ्याचं पुसून टाकलं, आणि माझ्या ध्यानातही आलं नाही. तिला कळेल असं सांगायचा प्रयत्न करत होते, आणि मधेच रडत होते. "आये, तुझी अष्टमी बरोबर होती. तू बरोबर होतीस. मी ऐकलं नाही."

ती निवडत राहिली. मग म्हणाली, "मना ठाव व्हता."

"काय ठाऊक होतं?"

"सोमवारच व्हता ता. तू गेलीस ना हापिसला, मी खाली उतरले. नाक्यावर रिक्षा केली. त्याला बोलले, जुन्या पनवेलीत, डोल्याच्या हास्पिटलात. पुलापावत गेले पन. मंग त्याला बोलले, बाबा, फिरव."

नाक्यावरून हॉस्पिटलपर्यंत रिक्षानं वीस मिनिटं लागतात. पुलापर्यंत म्हणजे निम्म्याहून जास्त ती गेली होती.

"का फिरवलीस, आये? एवढी गेली होतीस तर का फिरवलीस?"

"तू बोलली व्हतीस, मेसेज आल्याबिगर पाऊल टाकायचा नाय. मी गेले आसते आन डाक्टर नसता, तर सांजचा तू किती बोलली आसतीस." तिनं एक काडी बाजूला टाकली. "ते काले दोरे दिसले तवा पन तसाच. म्हटला, आताच गडबड झालीय, हिचा डोका तापलेला हाय, दोन दिस जाव दे." आणि मग, बोंबलाचा भाव सांगावा इतक्या सरळ आवाजात, "मना डोल्याची भीती नाय वाटली गो. तुझी वाटली."

मी तिच्याकडे बघत राहिले. समोरच्या बिल्डिंगमध्ये कुणाचा तरी कुकर वाजला, दोनदा, तीनदा. मी गप्प आहे म्हटल्यावर आईचे हात सुपात थांबले. तिला माझा चेहरा दिसत नव्हता. तिनं चाचपडत माझा गुडघा शोधला, त्यावर हात ठेवला आणि हळूच विचारलं,

"बाय, रागावलीस काय गो?"